समोरच्याचे डोळे

ऊसतोडीच्या दिवसांत नारायणगाव-मंचर पट्ट्यात रात्री गाडी चालवणे सोपे नसते. दोन्ही अंगांना डोक्यावरून गेलेला ऊस, मध्येच मागचा दिवा नसलेली ट्रॉली आणि कधी रस्ता ओलांडणारा बिबट्या. माल पोचवून परतणाऱ्या पिकअपवाल्याला जास्त उजेड हवा असतो, म्हणून तो पांढराशुभ्र एलईडी टाकून घेतो. त्याला रस्ता लख्ख दिसतो. समोरच्या दुचाकीवाल्याला काहीच दिसत नाही.

‘मी काय मुद्दाम केलं?’ असे पिकअपवाला म्हणतो, आणि ते खरेच असते.

याच भागात, जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरात बौद्ध लेणी आहेत. त्यातल्या एका गटाला अंबिकेचे नाव मिळाले, ते तिथल्या जैन मूर्तींमुळे. या दोन परंपरांनी पिकअपवाल्याचा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. बुद्धाने कर्म चेतनेत, म्हणजे हेतूत पाहिले. जैन परंपरेतल्या उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर, गाफीलपणावर बोट ठेवले. (अप्रमादाचे मोल बुद्धानेही सांगितलेच आहे.) हेतू पाहिला तर पिकअपवाला सुटतो, गाफीलपणा पाहिला तर अडकतो. इथे दुसरी कसोटीच खरी वाटते. समोरच्याने अप्पर मारला की त्याचेही डोळे दिपतात, तोही चिडतो. जे स्वतः सोसले, त्याबद्दल अजाण कसे राहता येईल?

गाफील न राहणे कसे असते हे कळायला साधा 60/55 वॅटचा एच-4 हॅलोजन बल्ब हातात घेऊन पाहावा. आत दोन तारा असतात, आणि डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी. खालच्या अंगाला जाणारा उजेड ती अडवते, म्हणून झोत वर चढत नाही. समोरच्याची सगळी काळजी त्या वाटीत आहे. परावर्तकही त्या तारेच्या नेमक्या जागेसाठीच घडवलेला असतो. त्यात एलईडी बसवला की उजेडाची जागा हलते आणि झोत विस्कटतो. 100/90 चा बल्ब टाकला तर होल्डर वितळण्याची भीती वेगळीच.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 106 चालकाचा हेतू विचारत नाही. दिव्यापासून 8 मीटरवर, 1.5 मीटर उंचीवरच्या डोळ्याला झोताने दिपवता कामा नये, असे तो सांगतो. त्याची कसोटी दुसऱ्याचा डोळाच आहे.

नियमात राहूनही उजेड वाढतो. दिव्यावरचे प्लास्टिक पिवळे पडले असेल तर पॉलिश करावे. जुन्या वायरिंगमध्ये वीज वाटेतच घटते. रिले आणि जाड वायर टाकली की तोच 60/55 चा बल्ब उजळतो. आणि पिकअपमध्ये माल भरला की मागचा भाग बसतो, पुढचे दिवे वर उचलले जातात. तेव्हा निघण्याआधी गाडी भिंतीसमोर उभी करून फोकस खाली घ्यायचा.