माशाला शेगडी

आमच्या शहापुरातल्या घरावर मंगळुरी कौले आहेत. बेळगावच्या थंड हवेची बाहेरगावचे लोक फार तारीफ करतात. ती या कौलांखाली राहणाऱ्याने जरा बेतानेच ऐकावी. डिसेंबरात पहाटे पारा १५ अंशांच्या खाली उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी तो २८ च्या घरात असतो. एप्रिलात अंगाची काहिली होते, आणि वळवाची एक सर आली की तासाभरात खिडक्या लावून घ्याव्या लागतात. माणसाला त्याचे एवढे काही नाही. तो स्वेटर चढवतो, उतरवतो, ओसरीवरच्या उन्हात जाऊन बसतो, आणि फारच झाले तर हवेला नावे ठेवतो. या साध्या सोयीचा मी कधी विचारच केला नव्हता. तो करावा लागला १९९६ च्या हिवाळ्यात, घरात दोन फुटी काचेची पेटी आणि तीत सहा एंजल मासे आले तेव्हा.

मासे मुलाच्या हट्टाखातर आणले, असे मी त्या वेळी सगळ्यांना सांगत असे. खरे तर मुलाला बॅट हवी होती. हौस माझी. शाळेतून दमून आल्यावर दिवा लावलेल्या पेटीपुढे बसावे आणि त्या चपट्या, लांब परांच्या, संथ माशांकडे बघत राहावे, हे सुख मला स्वतःला हवे होते. हे आधीच कबूल करतो, कारण पुढचा सगळा प्रश्न या कबुलीवर उभा आहे.

दुकानदाराने सांगितले, 'सर, हे ॲमेझॉनकडचे मासे. पाणी पंचवीस-सव्वीस अंश पाहिजे, आणि मुख्य म्हणजे एकसारखं पाहिजे.' हीटर दोन होते, ५० वॅटचा आणि १५० वॅटचा. किमतीत फरक थोडा. ताकद जास्त तेवढी बरी, असा हिशेब करून मी मोठा घेतला. तापमापक मात्र घेतला नाही. हीटरवर आकडे होतेच, तो आपोआप बंद-चालू होणार होता. मग त्या काचेच्या नळीला वेगळे पैसे कशाला? पेटी, वाळू आणि हवेचा पंप एवढ्यातच महिन्याची शिल्लक संपली होती.

पहिली हरकत आईने घेतली. ती पंचाहत्तरीची, माजघरात झोपायची. माजघराला ऊन कधीच लागत नाही, त्यामुळे गारठा. पहिल्याच रात्री हीटरचा लाल दिवा बघून ती म्हणाली, 'बरंय बाबा. माशाला शेगडी नि मला घोंगडी.'

सगळे हसले. मीही हसलो. पण अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य टोचत राहिले. घरातला पैसा आणि घरातली ऊब आधी कुणाची? रक्ताच्या माणसाची, की हौसेने आणलेल्या जिवाची? मी विज्ञानाचा मास्तर. मनातल्या मनात उत्तर तयार केले. आईचे शरीर भाकरीतून स्वतःची ऊब स्वतः निर्माण करते, घोंगडी ती फक्त राखून ठेवते. क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडले होते की, शरीराच्या आतले वातावरण स्थिर राहते म्हणूनच प्राणी बाहेरच्या जगात मोकळेपणी वावरू शकतो. आपण आपली स्थिरता आत बाळगून हिंडतो. एंजल माशाची स्थिरता बाहेर असते. पाणी जेवढे ऊन, तेवढाच तो. त्याला घोंगडी देऊन उपयोग नाही.

उत्तर बिनचूक होते, पण ते आईला सांगण्याचे धाडस झाले नाही. त्याऐवजी तिच्यासाठी गरम पाण्याची रबरी पिशवी आणली. ती तिने कपाटात ठेवून दिली.

जानेवारीतल्या एका रात्री हीटरच्या आतली पट्टी चिकटली आणि तो बंदच झाला नाही. पेटीत पाणी सुमारे ५७ लिटर. १५० वॅटचा हीटर एवढ्या पाण्याला तासाला दोन अंशांहून अधिक चढवू शकतो. थोडी उष्णता काचेतून निघून जाते हे धरले, तरी रात्री दहा ते सकाळी सहा हा वेळ पुष्कळ झाला. भरीला हवेचा पंप मीच बंद केलेला; त्याच्या घुरघुरीने आईची झोप मोडते म्हणून. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० अंशांना साडेसात. आणि नेमका त्याच वेळी माशाच्या शरीराचा व्यवहार वेग घेतो आणि त्याला तो अधिक लागतो. सकाळी पेटीत हात घातला तर अंघोळीचे पाणी. पाच मासे तरंगत होते. सहावा वर तोंड लावून श्वास ओढत होता, तो संध्याकाळी गेला.

मी हीटर पिशवीत घालून दुकानात भांडायला निघालो होतो. आई पेटीपुढे उभी होती. ती रागावली नव्हती, फक्त एवढेच म्हणाली, 'अरे, त्यांना पळायला जागा तरी कुठं होती?'

मी दुकानात गेलो नाही.

मार्कंडेय नदीतला मासा वरचे पाणी तापले की डोहात उतरतो, थंडीत उथळ उन्हात येतो. त्याच्यापाशी स्वेटर नाही, पण पोहून दुसरीकडे जाणे आहे. पेटीत आपण त्याला वेळेवर खायला घालतो, बगळ्यापासून वाचवतो आणि ही एक गोष्ट काढून घेतो. तेव्हा पाण्याचा पारा सांभाळणे ही दया नव्हे. दया करायला जो मोकळा असतो तो न करायलाही मोकळा असतो, आणि मी मोकळा नव्हतो. मी घेतलेल्या गोष्टीची भरपाई देत होतो, तीही तापमापकाचे पैसे वाचवून. आईच्या पहिल्या वाक्याचे उत्तर मला इथे अर्धेमुर्धे सापडले. आईचा हक्क मोठा, पण तिला बोलता येते, खोली बदलता येते, माझा कान धरता येतो. माशाचा हक्क लहान. पण त्याच्या बाजूचा वकील मी, समोरचाही मी आणि न्यायाधीशही मीच. उरलेले अर्धे उत्तर मात्र माझ्या बाजूचे नाही. आई बोलली होती, आणि मी तिच्या हाती रबरी पिशवी दिली होती.

शतपथ ब्राह्मणात मनूची गोष्ट आहे. हात धुण्याच्या पाण्यात एक इवलासा मासा त्याच्या हाती आला आणि म्हणाला, मला सांभाळ, मी तुला तारीन. मनूने त्याला आधी घड्यात ठेवले, वाढल्यावर खड्डा खणून त्यात, आणि शेवटी समुद्रात सोडले. ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, पण त्या जानेवारीनंतर तिच्यातल्या दोन गोष्टी नव्याने दिसल्या. मासा आपण होऊन आला होता. आणि तो वाढला तसे मनूने पाणी वाढवत नेले. त्यांच्यात करार होता. आमच्या एंजलांनी माझ्याकडे काही मागितले नव्हते आणि मला द्यायला त्यांच्यापाशी काही नव्हते. करार नसताना उरते ती नुसती मालकी, आणि मालकाला कुणी हिशेब विचारत नाही.

पेटी चार महिने रिकामी राहिली. शेजारचे अज्जा, कानडी, जन्मभर मागावर बसलेले, येता-जाता विचारायचे, 'काय मास्तर, बिसिनीर का तण्णीर?' ऊन पाण्याला बिसिनीर, गाराला तण्णीर. कानडीत एकेका शब्दात काम भागते. मी म्हटले, कोमट. तेव्हा त्यांनी कानडीतला तिसरा शब्द सांगितला, 'उगुरुबेच्चगे'. उगुरु म्हणजे नख. नखाला ऊब लागेल इतकेच ऊन. आमच्या तापमापकापेक्षा ही भाषा जुनी आणि स्वस्त. पण शिक्षा म्हणून मी तापमापक घेतलाच.

दुसऱ्या खेपेला जे केले त्यात पैसा फार गेला नाही. पेटी खिडकीजवळून काढून माजघरात, आतल्या भिंतीला लावली. ज्या कारणाने आईला तिथे गारठा वाटे, त्याच कारणाने तिथला पारा दिवसरात्रीत फारसा हलत नाही. मागे, दोन्ही बाजूंना आणि तळाखाली थर्मोकोलचे तुकडे बसवले. वर काचेचे झाकण, हवेपुरती फट ठेवून. या झाकणाचे महत्त्व मला माठाने शिकवले. आमच्याकडे खानापूरचा माठ आहे. तो पाझरतो, ते पाणी उडते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हिशेब मांडला तर चकित व्हायला होते: ५७ लिटरांतले एक लिटर पाणी वाफ होऊन गेले तर जाताना नेलेली उष्णता उरलेल्याला सुमारे १० अंश गार करायला पुरेशी असते. हिवाळ्यात झाकण ठेवायचे ते यासाठी. आणि एप्रिलात झाकण काढून टेबलफॅनचा वारा पाण्यावर सोडायचा तोही यासाठीच. उडालेले पाणी रोज भरावे लागते, तेही पेटीतल्या पाण्याइतकेच ऊन करून. वीज गेली की पेटीभोवती घोंगडी आणि आत तरंगत्या गरम पाण्याच्या दोन बाटल्या. लिटरच्या दोन बाटल्यांनी अंशभर फरक पडतो, आणि एका वेळी तेवढाच पडावा.

हीटर मात्र या वेळी ५० वॅटचा. तो चिकटलाच तरी मासे शिजवण्याइतके बळ त्याच्यात नाही. हे सुचायला सहा जीव जावे लागले याची लाज वाटते. ज्याच्या हातून कधीतरी चूक होणारच, त्याने जास्त ताकदीचे साधन का निवडावे? शाळेत छडी हातात असताना हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मित्रांना मी सांगू लागलो की, पैसा नसेल तर लक्ष द्या, गरिबाचा हीटर म्हणजे लक्ष. सौ. हे ऐकत होती. एकदा ती म्हणाली, 'परीक्षेच्या कामाला तुम्ही आठ दिवस धारवाडला होता, तेव्हा रात्री दोनला बाटल्या कोण भरत होतं?' तेव्हापासून ते वाक्य मी सोडून दिले. लक्षही कुणाच्या तरी झोपेतूनच येते.

आणि तरीही एक प्रश्न उरलाच. ॲमेझॉनचे पाणी शहापुरात आणण्याचा अट्टाहास कशाला? झेब्रा डॅनियो हा बोटाच्या पेराहून थोडा मोठा, निळ्या पट्ट्यांचा मासा आपल्याच उपखंडातल्या ओढ्या-नाल्यांतला. हिवाळ्यात १८-२० अंशांचे पाणीही त्याला चालते, फक्त एकदम बदलू नये. आई १९९९ साली गेली, त्या वर्षापासून आमच्या पेटीत डॅनियोच आहेत. हीटर कपाटात, रबरी पिशवीशेजारी. इच्छा थोडी कमी केली की पेटी सांभाळायला सोपी जाते. डॅनियोनेही आपल्याकडे काही मागितलेले नाही हे खरेच. त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि तरी रोज संध्याकाळी मी त्या पेटीपुढे बसतो.

आता नातीला एंजल हवेत. नाही म्हणण्याचा मला काय अधिकार? मी अट घातली आहे: पेटीतल्या पाण्याचा पारा सकाळ-संध्याकाळ महिनाभर वहीत लिहायचा, मग बोलू. गणपती गेल्यावर वही सुरू झाली. सकाळी २४, संध्याकाळी २५, पुन्हा २४. मध्ये दोन दिवसांचे रकाने कोरे आहेत. त्या दिवशी ती मावशीकडे निपाणीला गेली होती. आल्यावर तिच्या आईने सांगितले, 'चोवीस-पंचवीस लिही गं, रोज तेवढंच तर असतं.' तिने लिहिले नाही.