प्राश्निकाचे ऋण : चाहत्यांच्या कथालेखनाची पारितोषिके आणि न्याय्यतेचा प्रश्न

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण, असा वाद राजापुढे येतो. निवाड्याची सिद्धता मोठ्या काळजीने केली जाते. आपण एकट्याने निर्णय दिला तर राणीला पक्षपाताची शंका येईल, म्हणून राजा राणीला आणि पंडिता कौशिकीला बोलावून घेतो. सर्वज्ञानेही एकट्याने दिलेला निर्णय सदोष ठरू शकतो, असे कौशिकी स्वतःच बजावते. नाट्य ही प्रयोगप्रधान विद्या आहे, तेव्हा शाब्दिक चर्चेपेक्षा शिष्यांचे प्रयोग पाहावेत, हा निकषही तीच सुचवते. प्रक्रियेच्या दृष्टीने यात बोट ठेवायला जागा नाही. मात्र हा सारा खटाटोप विदूषकाने घडवून आणला आहे तो राजाला मालविका दिसावी म्हणून, आणि परीक्षक झालेली परिव्राजिका त्या बेतात सामील आहे. मालविकेचे नृत्य संपते. आता आपलाही प्रयोग पाहावा, अशी विनंती हरदत्त करतो. तोच वैतालिक मध्यान्हीची घोषणा करतो आणि हरदत्ताची पाळी उद्यावर जाते. नाटकाच्या प्रेक्षकाला तो प्रयोग कधीच दिसत नाही. तिसऱ्या अंकाच्या आरंभी दासींच्या बोलण्यातून कळते ते एवढेच, की दोघेही निपुण असले तरी शिष्येच्या गुणामुळे गणदास वरचढ ठरला. हा निकाल कदाचित बरोबरही असेल. मग हरदत्तावर अन्याय झाला असे म्हणावयाचे काय, आणि म्हणावयाचे तर तो नेमका कोणता?

हा प्रश्न आज एका वेगळ्याच साहित्यव्यवहाराच्या संदर्भात विचारता येतो. 'फॅन फिक्शन' म्हणजे एखाद्या कादंबरीतील, चित्रपटातील वा मालिकेतील पात्रे आणि त्यांचे विश्व घेऊन त्या कृतीच्या चाहत्यांनी केलेले, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता एकमेकांना वाचावयास दिलेले कथालेखन. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी १९६७ मध्ये काढलेले 'स्पॉकानालिया' हे हौशी नियतकालिक त्याच्या आधुनिक इतिहासातील आरंभीचा टप्पा मानले जाते. हेन्री जेन्किन्स यांच्या 'टेक्स्ट्युअल पोचर्स' (१९९२) या ग्रंथाने या लेखनाला विद्यापीठीय चर्चेत स्थान मिळवून दिले. २००७ मध्ये स्थापन झालेल्या एका विनानफा संस्थेने अशा लेखनासाठी उभारलेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या संग्रहाला २०१९ मध्ये विज्ञानकथाक्षेत्रातील ह्यूगो पारितोषिक मिळाले. आख्यानकाव्याची परंपरा असलेल्या मराठी वाचकाला उसन्या कथावस्तूचे नवल वाटण्याचे कारण नाही. पारंपरिक कथानक रसाला प्रतिकूल असेल तर कवीने ते बदलावे, अशी मुभा आनंदवर्धनाने फार पूर्वीच देऊन ठेवली आहे; महाभारतातील शकुंतला आणि कालिदासाची शकुंतला यांच्यातील अंतर सर्वज्ञात आहे. म्हणून या लेखनाची प्रतिष्ठा हा येथील चर्चेचा विषय नाही. विषय आहे तो हे समुदाय आपल्यातल्याच कथांना जी पारितोषिके देतात त्यांच्या परीक्षणाचा.

या परीक्षणाची पहिली अडचण अशी, की लेखक, वाचक आणि परीक्षक ही येथे तीन वेगळी माणसे नसतात. ज्या कथेचे परीक्षण करावयाचे तिचा कच्चा खर्डा परीक्षकाने स्वतः तपासून दिलेला असू शकतो. एखादी कथा त्यालाच भेट म्हणून लिहिलेली असू शकते. न्यायाच्या नेहमीच्या कल्पनेनुसार अशा व्यक्तीने परीक्षकाच्या आसनावर बसू नये. पण तिच्या जागी बाहेरचा, कोणाशीच संबंध नसलेला विद्वान आणून बसवला तर काय होईल? मूळ कृतीतील एका ओझरत्या प्रसंगावर सारी कथा उभी आहे, हे त्याला कळणारच नाही. फॅन फिक्शनचा अर्थ हा बव्हंशी दोन संहितांच्या मधल्या जागेत राहतो, आणि ती जागा दिसण्यासाठी मूळ कृतीवर प्रेम करावे लागते. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे तटस्थ परीक्षक हा सहृदय नसतो आणि सहृदय परीक्षक हा तटस्थ नसतो.

डेव्हिड ह्यूमने रुचीच्या निकषावरील आपल्या १७५७ मधील निबंधात ही कोंडी सोडवण्याचा एक मार्ग सुचवला आहे. 'डॉन किहोते'मधील एक गोष्ट तो आधाराला घेतो. दोन जाणकारांना एकाच पिंपातील मद्य चाखावयास दिले. एकाला त्यात चामड्याची, तर दुसऱ्याला लोखंडाची किंचित चव लागली. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक किल्ली सापडली. ह्यूमच्या मते चांगल्या परीक्षकाजवळ अशी सूक्ष्म संवेदना, सराव आणि तुलनेची दृष्टी असावी लागते. शिवाय लेखकाशी असलेले मैत्र वा वैर निर्णयाच्या क्षणी बाजूला ठेवता आले पाहिजे. येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मैत्र असू नये अशी ह्यूमची अट नाही. ते बाजूला ठेवता यावे अशी आहे. पण ठेवले की नाही, हे कोणी तपासावयाचे? पिंपाच्या तळाशी किल्ली होती म्हणून ते दोघे जाणकार सुटले. कथेच्या तळाशी अशी किल्ली नसते.

यावर बहुतेक आयोजकांना सुचणारा उपाय म्हणजे लेखकाचे नाव झाकणे. हा उपाय टाकाऊ नाही. अनोळखी लेखकाला त्याने थोडे संरक्षण मिळते. तथापि त्यावर ठेवला जाणारा भरवसा काहीसा भाबडा आहे. दोनशे माणसांच्या समुदायात शैली ही सहीइतकीच बोलकी असते. दुसरे असे, की यातील पुष्कळशा कथा कोणाच्या तरी कथेला उत्तर म्हणून किंवा कोणाच्या तरी विनंतीवरून लिहिलेल्या असतात. नाव झाकताना हे नातेही झाकले जाते आणि कथेच्या अर्थाचा एक तुकडा त्याबरोबर जातो. लेखकाचा मृत्यू जाहीर करणाऱ्या बार्थपरंपरेतील समीक्षकाला यात वावगे वाटणार नाही. पण ज्या लेखनात लेखक आणि वाचक एकमेकांना नावाने हाक मारतात तेथे ही परंपरा आहे तशी लागू करता येईल काय, याविषयी शंका घ्यावयास जागा आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रातील सिद्धिव्यंजकाध्यायाने या प्रश्नाकडे अधिक व्यवहारी नजरेने पाहिले आहे. विद्या अपार आणि आयुष्य मर्यादित, म्हणून सर्व काही जाणणारा एकच प्राश्निक मिळणार नाही, हे तेथे मान्य केले आहे. म्हणून यज्ञविधीसाठी याज्ञिक, नृत्यासाठी नर्तक, वृत्तासाठी छंदोविद, शब्दासाठी वैयाकरण, धनुर्विद्येसाठी धनुर्धर, शृंगाराच्या उपचारांसाठी गणिका, अशी वाटणी केली आहे. प्रयोगातील सिद्धी आणि घात टिपून ठेवण्यासाठी लेखक आणि गणक यांचीही सोय आहे. दोघे तुल्यबळ ठरले तर दोघांनाही पताका देता येते. भरताची ही योजना निःपक्षपाती माणसाच्या शोधात निघत नाही. ती प्रत्येक माणसाला अपुरे धरते आणि त्याच्या अपुरेपणाला दुसऱ्याची जोड देते. फॅन फिक्शनच्या परीक्षणमंडळात मूळ कृतीचा व्यासंगी, कथारूपाचा जाणकार आणि त्या कृतीशी परिचय नसलेला एखादा चोखंदळ वाचक असे तिघे बसवावेत, ही सूचना या दृष्टीने नवी नव्हे.

परंतु एवढ्याने न्याय्यतेचा प्रश्न सुटत नाही. तो फक्त नीट मांडला जातो. जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये केलेले वर्गीकरण येथे उपयोगी पडते. काही व्यवहारांत योग्य निष्पत्तीचा निकष प्रक्रियेच्या बाहेर असतो, पण प्रक्रिया तिच्यापर्यंत हमखास पोचवत नाही. फौजदारी खटला हे रॉल्स यांचे उदाहरण. आरोपीने गुन्हा केला आहे किंवा नाही, हे न्यायालयाच्या निकालावर अवलंबून नसते. याउलट नियमाने खेळलेल्या जुगारात निकालाबाहेर 'बरोबर' असे काही नसते. प्रक्रिया चोख असली की येईल तो निकाल न्याय्य. साहित्यिक पारितोषिक यांपैकी कोणत्या वर्गात बसते? सर्वोत्तम कथा ही परीक्षणापूर्वीच निश्चित असते असे मानले तर पारितोषिक हा एक प्रकारचा खटला होतो, आणि प्रत्येक पराभूत लेखकाला अपिलाचा हक्क सांगता येतो. तसे काही नसतेच असे मानले तर तो जुगार होतो, आणि मग परीक्षकाने कथा वाचण्याचीही गरज उरत नाही. चिठ्ठ्या टाकल्या तरी भागते. ही दुसरी शक्यता कोणालाच पटणार नाही. ती का पटत नाही, याचा शोध घेतला पाहिजे.

ती पटत नाही याचे कारण असे, की स्पर्धेत कथा देणारा लेखक निकालाइतकीच, पुष्कळदा त्याहून अधिक, आपली कथा कोणीतरी लक्ष देऊन वाचावी ही मागणी करीत असतो. व्यावसायिक लेखकाला मानधन मिळते, पुस्तकाच्या पाठीवर नाव मिळते. चाहत्याच्या कथेला यातले काही मिळत नाही. ती दिली जाते आणि तिच्या बदल्यात फक्त वाचन मागितले जाते. म्हणून परीक्षकाच्या डोक्यावर जे ऋण असते ते अचूक निकालाचे नव्हे. अचूकता त्याच्या हातात नाही. ते पूर्ण वाचनाचे ऋण आहे, आणि ते मात्र फेडता येण्यासारखे आहे. हरदत्तावर झालेला अन्याय याच स्वरूपाचा होता. तो हरला हे त्याच्या तक्रारीचे कारण नव्हे. भर सभेत त्याची पाळी आली तेव्हा पाहणाऱ्यांचे पाहून झाले होते, हे आहे.

टॉल्किनच्या विश्वावर आधारलेल्या कथांसाठी २००४ पासून काही वर्षे दिल्या गेलेल्या 'मिडल-अर्थ फॅनफिक्शन अवॉर्ड्स'ची रचना या संदर्भात लक्षणीय आहे. तेथे मत द्यावयाचे म्हणजे कथेवर अभिप्राय लिहावयाचा. अभिप्राय जितका दीर्घ तितके गुण अधिक. या पद्धतीतील दोष उघड आहे. शब्दसंख्या हे रसग्रहणाचे माप नव्हे; बोलघेवड्या वाचकाच्या मताला अबोल मर्मज्ञाहून जास्त वजन मिळते; आणि ज्या कथेचे मित्र लिहिण्यात उत्साही तिचे पारडे जड होते. निकालाची पद्धत म्हणून तिच्यावर टीका करणे सोपे आहे. तरीही तिच्यात एक शहाणपण आहे, ते असे की कारण न देता मत देण्याचा मार्गच तिने बंद केला. ज्या कथेला पारितोषिक मिळाले नाही तिच्या लेखकाच्या हातीही कोणाचे तरी चार परिच्छेद पडले. गुणांकनाचा हिशेब काढून टाकून ही अट तेवढी उचलता येईल: नामांकन झालेल्या प्रत्येक कथेवर किमान दोन परीक्षकांनी सकारण टिपण लिहावे आणि ते लेखकाला द्यावे. अशा टिपणात परीक्षकाचे लेखकाशी किंवा कथेशी असलेले नातेही नमूद झाले पाहिजे. खर्डा आपण तपासला होता हे सांगणाऱ्याने त्या कथेपुरते मत देऊ नये, मात्र त्याचे टिपण वाचले जावे, कारण तिच्याविषयी सर्वांत जास्त माहिती कदाचित त्यालाच असेल. याला वेळ लागतो आणि परीक्षक बिनमोली असतात, हा आक्षेप खरा आहे. मग त्याचे उत्तर कथा कमी स्वीकारणे हे आहे. सगळ्या स्वीकारून निम्म्या चाळणे हे नव्हे.

या कसोटीवर पाहिले म्हणजे मोठे अन्याय परीक्षणाच्या आधीच होऊन जातात, हे ध्यानात येते. सभासदांच्या मतांनी ठरणाऱ्या ह्यूगो पारितोषिकांचा अलीकडचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. २०१५ मध्ये काही गटांनी ठरवून आपल्या याद्या नामांकनासाठी पुढे केल्या आणि अनेक विभाग त्यांनीच भरून गेले. परिणामी सभासदांनी पाच विभागांत 'कोणालाही नाही' या पर्यायाला कौल दिला. पुढे नामांकनांची मोजणी बदलण्यात आली आणि २०१७ पासून नवी पद्धत वापरात आली. पण २०२३ च्या चेंगडू येथील पारितोषिकांच्या वेळी प्रश्न केवळ मोजणीचा नव्हता. पुरेशी नामांकने असलेली आर. एफ. क्वांग यांची 'बेबेल' ही कादंबरी व्यवस्थापकांनी अपात्र ठरवली होती, हे २०२४ च्या जानेवारीत आकडेवारी प्रसिद्ध झाल्यावर कळले. कारण मात्र दिले गेले नव्हते. गणिताने यादीबाजी रोखता येते. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला कारण द्यावयास लावणे गणिताच्या आवाक्यात नाही. फॅन फिक्शनच्या छोट्या स्पर्धांत हे दार अधिकच अरुंद असते. विभाग कसे पाडावयाचे, किती शब्दांची कथा घ्यावयाची, कोणत्या मूळ कृती मान्य, हे सारे बहुधा एकदोघेच ठरवतात, आणि ज्या मूळ कृतीचे वाचक थोडे तिच्यावरील कथा नामांकनापर्यंत पोचतच नाही.

'कोणालाही नाही' हा निर्णय मराठी रंगभूमीलाही अपरिचित नाही. २०२२ मध्ये पुण्यातील पुरुषोत्तम करंडक स्पर्धेच्या अंतिम फेरीत एकाही संघाला करंडक न देण्याचा निर्णय परीक्षकांनी घेतला आणि त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली. दोन्ही घटनांत फरक आहे: तेथे हा कौल मतदारांनी एका डावपेचाविरुद्ध दिला होता, येथे तो परीक्षकांनी प्रयोगांच्या गुणवत्तेविषयी दिला. कोऱ्या फलकाचे समर्थन किंवा निषेध त्या फलकाकडे पाहून करता येत नाही. सर्व प्रयोग पाहून, का नाही ते प्रत्येक संघाला सांगितले गेले असेल तर न दिलेला करंडकही सन्मानाचे एक रूप होऊ शकतो. अशा निर्णयाने विद्यार्थी नाउमेद होतात, हा युक्तिवाद अशा वेळी हमखास केला जातो. त्यात कळकळ असते, परंतु नाउमेद करणारी गोष्ट नकार ही असते की मौन, हे त्यात तपासलेले नसते.

उरतो तो नामांकन नाकारणारा लेखक. आपली कथा ही एका व्यक्तीला दिलेली भेट होती, तिची इतर भेटींशी तुलना होऊ नये, असे म्हणून काही लेखक स्पर्धेतून कथा काढून घेतात. आयोजक हे बहुधा विनयाचे लक्षण समजतात आणि आग्रह धरतात. वस्तुतः या लेखकाने एक तात्त्विक हरकत घेतलेली असते: ज्या व्यवहारात वाचन हाच मोबदला आहे तेथे क्रम लावण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला, असे तो विचारीत असतो. पारितोषिकांचे नियम लिहिताना कथा मागे घेण्याचे कलम सहसा शेवटी, तपशिलाची बाब म्हणून येते; ते पहिले असावयास हवे, आणि लेखकाची संमती हाती आल्यावाचून परीक्षकाने पहिले पानही उलटू नये.