उच्छिष्टाचा धर्म

सृष्टींत टाकाऊ असें कांहींच नाहीं, या विचारावर हल्लीं चक्राकार अर्थव्यवस्थेचें शास्त्र उभें राहत आहे. एकाचें उच्छिष्ट दुसऱ्याचें अन्न व्हावें, हा त्याचा मूळ नियम. आणि तो चालविण्याचें काम बहुधा सूक्ष्मजीवांकडे सोंपविलेलें असतें. हा विचार आम्हांस मान्य आहे. परंतु चक्र कोठें मिटतें एवढेंच न पाहतां, तें कोठून सुरू होतें हेंही पाहिलें पाहिजे.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. कळंब तालुक्यांत रांजणी येथें नॅचरल शुगरचा कारखाना आहे. साखरेबरोबर वीज व मद्यार्कही तेथें तयार होतात. साधारणतः शंभर टन उंसापासून दहा-अकरा टन साखर मिळते. सुमारें तीस टन चिपाड, चार-पांच टन मळी आणि तीन-चार टन गाळ मागें राहतो. चिपाड जाळून वाफ व वीज होते. मळींतील साखरेचा मद्यार्क यीस्ट करितें. आंबणें हें सजीवांचें कार्य आहे, हें पाश्चरनें १८५७ पासूनच्या प्रयोगांनीं दाखविलें. मद्यार्क काढल्यावर उरणारें काळें पाणी नदींत गेलें तर मासे गुदमरून मरतात. तेंच हवाबंद टाकींत जिवाणूंच्या स्वाधीन केलें तर जळाऊ वायु देतें, आणि शेष भाग गाळांत मिसळून खत म्हणून शेतांत परततो. विषाचें अन्न करणारी ही विद्या खरोखर वंद्य आहे.

पण उच्छिष्टाला किंमत आली कीं तेंच हेतु होऊं पाहतें. २०१८ च्या जैवइंधन धोरणानें मळीबरोबर खुद्द उंसाच्या रसापासूनही इथेनॉल करण्यास मोकळीक दिली. उरलेलें अन्न गाईला घालणें हा धर्म. गाईला घालतां यावें म्हणून अधिक रांधणें हा धर्म नव्हे. साखर कमी पडेल या भीतीनें डिसेंबर २०२३ मध्यें सरकारनेंच रसाच्या या उपयोगास आवर घातला. साखरेची चिंता वाहणारा कोणी तरी निघाला. पाण्याची कोण वाहणार?

एक हेक्टर उंसास सुमारें दोन कोटी लिटर पाणी लागतें. कारखाना उंसांतील पाणी पुन्हा वापरूं शकतो. शेतांतून वाफ होऊन गेलेलें पाणी कोणताही सूक्ष्मजीव परत आणीत नाहीं. कळंबजवळून वाहणाऱ्या मांजरेचें धरण २०१६ सालीं आटलें आणि लातूरकरांस मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्यास अवर्षण कारण होतें, हें खरें. परंतु जेथें अवर्षण वरचेवर येतें, तेथें तें गृहीत धरूनच पीक निवडावयास हवें. शेतकऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. ज्या पिकाचा दर हंगामापूर्वीं ठरतो आणि ज्याला गिऱ्हाईक निश्चित असतें, तें तो लावणारच. प्रश्न आहे तो दर ठरविणाऱ्यांना.

आमच्या मतें कसोटी सोपी आहे. उच्छिष्टाचें मोल शून्य धरलें तरी जें पीक त्या भूमीस व तिच्या पाण्यास झेपतें, त्याच्याच उच्छिष्टावर चक्र उभारावें. कळंबच्या शिवारांत पावसावर येणाऱ्या सोयाबीनचें भुसकट आहे, गोठ्यांतील शेण आहे. जिवाणूंना तेंही चालतें. त्यांना उंसाचा आग्रह नाहीं. आग्रह आहे तो आमचा.