वास्तूचा वाढदिवस

माणसाचा वाढदिवस असतो, संस्थेचा वर्धापनदिन असतो. पण दगडविटांनी उभारलेल्या वास्तूचा वाढदिवस साजरा करावा काय? ख्रिस्तसभेच्या उपासना-दिनदर्शिकेने या प्रश्नाला फार पूर्वीच होकार दिला आहे. रोममधील लॅटरन महामंदिराच्या समर्पणाचा सण ९ नोव्हेंबरला जगभरचे कॅथोलिक पाळतात. तसाच प्रत्येक धर्मप्रांत आपापल्या कॅथेड्रलचा समर्पणदिन पाळतो. उपासनेचा नियम असा की, खुद्द कॅथेड्रलमध्ये तो महोत्सव म्हणून साजरा व्हावा आणि धर्मप्रांतातील इतर सर्व मंदिरांत सण म्हणून. म्हणजे अमरावतीच्या संत फ्रान्सिस झेवियर कॅथेड्रलचा आनंद शंभरेक किलोमीटरवरील अकोल्याच्या वेदीवरही व्यक्त झाला पाहिजे. अकोल्याच्या भाविकाने मनात विचारावे, ‘त्या वास्तूशी माझा काय संबंध?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तो टाळून आपण नुसती मिस्सा ऐकून घरी परतलो, तर सणाचा अर्थच हरवतो, असे आम्हांस वाटते.

प्रथम थोडा इतिहास पाहू. ‘काथेद्रा’ म्हणजे आसन. ज्या मंदिरात बिशपांचे आसन असते ते कॅथेड्रल. त्याचा मोठेपणा शिखराच्या उंचीवर अवलंबून नसतो. वऱ्हाडात हे आसन उशिरा आले. १८५३ साली निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला. सरकारी कामासाठी वऱ्हाडी माणूस नागपूरकडे पाहू लागला, तसा वऱ्हाडी कॅथोलिकही त्याआधीपासूनच नागपूरकडे पाहत होता. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला आणि संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिशनरी संघाने त्याची धुरा वाहिली. ८ मे १९५५ रोजी अमरावती हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याच संघाचे जोसेफ रोझारिओ हे पहिले बिशप. १९९५ पर्यंत, म्हणजे तब्बल चाळीस वर्षे, त्यांनी ही गादी सांभाळली. आरंभी मराठवाडाही याच छत्राखाली होता. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला. घरातील मूल मोठे होऊन वेगळी चूल मांडते, तसेच हे घडले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. देव दगडात मावतो काय? यरुशलेमचे मंदिर बांधून पूर्ण झाल्यावर खुद्द शलमोनानेच, आकाशालाही जो आवरत नाही तो या घरात कसा राहणार, असे आश्चर्य प्रार्थनेत व्यक्त केले होते. ते विरोधकाचे उद्गार नव्हते, बांधणाऱ्याचेच होते. वऱ्हाडात या शंकेला आणखी धार येते. ही कपाशीची जमीन. कोरडवाहू शेती, कर्जाचा बोजा आणि भावाची अनिश्चितता यांनी येथील शेतकऱ्याला इतके ग्रासले की, २००६ च्या जुलैमध्ये अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांना विशेष पॅकेज जाहीर करावे लागले. ज्या मातीत शेतकरी स्वतःच्या हाताने जीवन संपवतो, त्या मातीत देवासाठी भव्य घर कशाला, असे कोणी विचारले तर त्याला अश्रद्ध म्हणून गप्प करणे सोपे आहे. न्याय्य मात्र नाही.

ही शंका ख्रिस्तसभेला परकी नाही. वस्त्रहीन ख्रिस्ताला रस्त्यावर कुडकुडत ठेवून मंदिरातील ख्रिस्ताला रेशीम पांघरू नका, असे संत योहान क्रिसोस्टम यांनी चौथ्या शतकात श्रीमंतांना बजावले. संत अंब्रोज यांनी युद्धकैद्यांच्या सुटकेसाठी वेदीवरील सोन्याची पात्रे वितळवली. आणि खुद्द अमरावती जिल्ह्याने या देशाला गाडगे महाराज दिले. त्यांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली, देव माणसात दाखवला, आणि १९५६ साली देह ठेवल्यावर अमरावतीतच त्यांची समाधी झाली.

पण गाडगे महाराजांचे चरित्र येथेच थांबत नाही. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा बांधल्या. स्वतःसाठी घर न ठेवणाऱ्या या माणसाने इतरांसाठी भक्कम इमारती उभ्या केल्या. त्यांचा राग दगडावर नव्हता. ज्या दगडाआड माणूस दिसेनासा होतो त्यावर होता. आमच्या मते विवेकाची कसोटी येथेच सापडते. वास्तू बांधली की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. ती कोणासाठी उघडी आहे, हा प्रश्न खरा आहे. ज्याचे घर पावसात गळते, अशा शेतमजुरालाही एक उंच छत असे हवे, जेथे तो कोणाचा पाहुणा नसतो, नोकर नसतो, त्या घरचाच असतो. सौंदर्य ही केवळ श्रीमंतांची गरज आहे, असे मानणे हाही गरिबाचा एक अपमानच होय.

हा युक्तिवाद गोड आहे. म्हणूनच तो तपासून घेतला पाहिजे. ‘सर्वांसाठी खुले’ असे म्हणणे आणि खरोखर खुले असणे यांत केवढे अंतर असू शकते, हे अमरावतीला ठाऊक आहे. १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून याच नगरीत चळवळ उभी राहिली आणि नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली येथे परिषद भरली. देवाचे दार कोणाचे, हा त्या परिषदेचा प्रश्न होता. तो इतरांच्या अंगणातला म्हणून आपल्याला दूर सारता येणार नाही. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथोलिक बिशप मंडळाने दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले, तेव्हा अस्पृश्यतेची प्रथा ख्रिस्तसभेतही शिल्लक असल्याची कबुली दिली. १३ डिसेंबर २०१५ रोजी, करुणेच्या पवित्र वर्षात, जगभरच्या कॅथेड्रलांत ‘पवित्र द्वार’ उघडण्यात आले होते. दार उघडण्याचा विधी एका दिवसाचा असतो. दार उघडे ठेवण्याचे काम रोजचे.

चर्चचा कायदाही हेच सुचवतो. पवित्र स्थळी घोर अन्याय घडून श्रद्धावंतांना ठेच लागली, तर ते स्थळ भ्रष्ट मानले जाते आणि प्रायश्चित्ताचा विधी होईपर्यंत तेथे उपासना करता येत नाही. म्हणजे वास्तूचे पावित्र्य चुन्यासारखे भिंतीत कायमचे मिसळलेले नाही. तेथे जमणाऱ्यांच्या वर्तनाशी ते बांधलेले आहे.

मग अकोल्याच्या भाविकाच्या प्रश्नाचे उत्तर काय? ते समर्पणविधीतच आहे. त्या विधीत बिशप वेदीला आणि भिंतींना पवित्र तेल लावतात. ऑलिव्हचे तेल आणि सुगंधी द्रव्य यांचे हे मिश्रण. बिशप आपल्या धर्मगुरूंसमवेत वर्षातून एकदा, पवित्र आठवड्याच्या सुमारास, ते अभिमंत्रित करतात. तेथून ते कुप्यांत भरून अकोल्याला जाते, बुलढाण्याला जाते, यवतमाळला जाते. स्नानसंस्काराच्या वेळी बालकाच्या मस्तकावर तेच, दृढीकरणात तरुणाच्या कपाळावर तेच, नव्या धर्मगुरूच्या तळहातांवर तेच. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर पाच दिवसांत ७५ किलोमीटर डांबर अंथरून विक्रम झाला. रस्त्याने गावे जवळ येतात. माणसे एका घरची होतात ती या तेलाने. म्हणून अकोल्यातील मुलाच्या कपाळाचे आणि अमरावतीच्या भिंतीचे नाते आहे.

यातूनच कर्तव्यही निघते. ज्या तेलाने भिंत पवित्र झाली, त्याच तेलाने ते कपाळ पवित्र झाले आहे. भिंतीला धूप दाखवायचा आणि त्या कपाळाच्या माणसाला मागच्या बाकावर ढकलायचे, हे एकाच श्रद्धेत बसत नाही. कॅथेड्रलला धर्मप्रांताची माता म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ते सर्वांचे माहेर. माहेराचे मोठेपण लेक खोल्या मोजून ठरवीत नाही. आल्या आल्या तिला ‘जेवलीस का?’ असे कोणी विचारते की नाही, यावर ते ठरते. आणि माहेरच्या अडचणीला लेकही धावून जाते. तेव्हा कॅथेड्रलची काळजी केवळ अमरावतीकरांनी वाहावी, हेही योग्य नव्हे.

तर मग समर्पणाच्या वाढदिवशी भिंतींवरील क्रुसांपाशी मेणबत्त्या अवश्य लावाव्यात, वेदी फुलांनी सजवावी. पण त्याच आठवड्यात प्रत्येक धर्मग्रामाने एवढे मात्र विचारावे की, आपल्यातील कोणते कुटुंब वर्षभरात मंदिरात दिसले नाही, आणि का? उत्तर कर्जात असेल, आजारात असेल, कदाचित आपल्याच एखाद्या शब्दात असेल. ते शोधण्यासाठी त्या कुटुंबाच्या उंबरठ्यापर्यंत चालत जावे. वास्तूचा वाढदिवस साजरा करण्याची याहून योग्य रीत आम्हांस दिसत नाही.