फुकटचं ऋण

माझा फोन सहा वर्षांचा आहे. कंपनीने त्याची अपडेट्स कधीच बंद केली. तरी तो चालतो, कारण त्यावर मी लिनिएजओएस टाकलंय. २०१६च्या अखेरीस सायनोजेनमॉड बंद पडलं, तेव्हा त्याच्या कोडवर उभी राहिलेली ही अँड्रॉइडची मुक्त आवृत्ती. एकेका मॉडेलसाठी ती चालती ठेवायचं काम कुणीतरी स्वयंसेवक फावल्या वेळात, बिनपगारी करतो.

गेल्या वर्षी बरेच आठवडे अपडेट आलं नाही. माझगावच्या जोसेफ बाप्टिस्टा उद्यानात बसून मी आमच्या मॉडेलच्या स्वयंसेवकाला मेसेज टाकला : ‘अपडेट कधी? जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला द्या.’ दोन दिवसांनी उत्तर आलं. त्याची परीक्षा चालू होती. शनिवारी करतो म्हणाला, वर ‘सॉरी’सुद्धा.

मित्राला दाखवलं. तो म्हणाला, “त्याला कुणी सांगितलं होतं? हौस त्याची.”

खरंच, जे कुणी आपणहून, फुकट दिलं, त्याचं ऋण लागतं का?

मला उत्तर मिळालं ते एक्सझेडच्या प्रकरणात. फाइल्स दाबून लहान करणारं हे सॉफ्टवेअर जगभरच्या लिनक्स यंत्रणांमध्ये असतं. लासे कोलिन ते वर्षानुवर्षं जवळपास एकटे सांभाळत होते. २०२२मध्ये काही खात्यांवरून तगादा सुरू झाला : काम फार मंद आहे, दुसऱ्याकडे सोपवा. कोलिन यांनी लिहिलं की, आपलं मानसिक आरोग्य ठीक नाही आणि हे बिनपैशाचं, छंदाचं काम आहे. मदतीला आलेल्या ‘जिया टॅन’ या नावाकडे हळूहळू अधिकार गेले. २०२४मध्ये त्याच नावाने सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा बसवला गेला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याच्या मागे आंद्रेस फ्रॉइंड हा प्रोग्रॅमर लागला, म्हणून तो उघडकीला आला.

तगादा लावणारी ती खाती बनावट होती, असा अनेकांचा संशय आहे. पण ती खपून गेली, कारण स्वयंसेवकांशी असं बोलणं रोजचंच. माझा मेसेज त्यांच्यात मिसळला असता तर वेगळा ओळखू आला नसता.

मग ऋण फेडायचं कसं? नाव छापून? आमच्या मंडळाच्या अहवालात वर्गणीदारांची नावं रकमेसकट येतात. रात्र रात्र जागून मांडव उभारणाऱ्यांना एक ओळ : ‘सर्व कार्यकर्त्यांचे आभार’. सॉफ्टवेअरमध्येही कोड लिहिणाऱ्याची नोंद आपोआप राहते. भाषांतर तपासणारी, बिघाड नीट कळवणारी माणसं बहुतेकदा त्या एका ओळीतच मावतात. आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये, कायदेशीर माहितीच्या पानावर जी भली मोठी नामावळी आहे, ती तिथे आहे कारण लायसन्सची तशी अट असते. ती वाचतं कोण?

नाव लावलं म्हणजे ओळख झाली असं नाही, हे तर मी त्या उद्यानातच शिकायला हवं होतं. किती वर्षं त्या पाटीजवळून गेलो. बाप्टिस्टा इथल्याच म्हातारपाखाडीचे, १९१६च्या टिळकांच्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष. टिळकांच्या नावाने आपण शाळेत पाठ केलेली जन्मसिद्ध हक्काची घोषणा मुळात बाप्टिस्टांची, असं काही अभ्यासक मानतात. पाटी समोर होती. तो माणूस कोण, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

ओळख म्हणजे हेच असावं : पलीकडे माणूस आहे, त्याला परीक्षा असते, थकवा असतो, हे धरून वागणं. देणाऱ्याने ऋण माफ केलं असेल. म्हणून घेणाऱ्याला ते विसरायची मुभा मिळत नाही.

मी त्याला पुन्हा लिहिलं. आधी माफी, मग त्याच्या कामामुळे माझं काय काय चाललंय ते, आणि शेवटी विचारलं, “मी काय करू?” तो म्हणाला, “ब्लूटूथ तुटतंय अशी तक्रार आहे. तपासून देशील?”

आता प्रत्येक नवं अपडेट आलं की मी कानात इअरफोन घालून त्या उद्यानाला फेऱ्या मारतो, आणि कुठे तुटलं ते लिहून ठेवतो.