हात धुतलेत का?

पवन मावळात आषाढ लागला की माणसांचे हात महिनाभर चिखलातच असतात. रोप उपटायचं, मुठी बांधायच्या, चिखलणी झालेल्या खाचरात ओणवं राहून लावणी करायची. नखांत शिरलेली माती श्रावण आला तरी निघत नाही. माझ्या थोरल्या भावाचे हात असेच. चार वर्षांपूर्वीच्या आषाढात मात्र ते पुण्यातल्या एका रुग्णालयात पांढऱ्या चादरीवर होते, आणि नखं इतकी स्वच्छ झाली होती की ते दादाचे हात वाटेनात.

दादाला रक्ताचा कर्करोग झाला होता. एक औषध सात दिवस अखंड, दुसरं त्यातले तीन दिवस, असा उपचार. औषधं संपली तेव्हा आम्हाला वाटलं, अवघड ते संपलं. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की अवघड ते आता सुरू होतंय.

ही औषधं झपाट्याने वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर तुटून पडतात, त्यात आपल्या कामाच्या पेशीही जातात. जंतूंना गिळणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी निरोगी माणसाची अस्थिमज्जा दिवसाला सुमारे दहा हजार कोटी तयार करते. एवढ्या कराव्या लागतात, कारण रक्तात त्यांचं आयुष्य तासांनी मोजण्याइतकंच असतं. मज्जेचं काम थांबलं की साठा थोड्याच दिवसांत संपतो. एका मायक्रोलिटर रक्तात या पेशी दीड हजाराच्या वर हव्यात. पाचशेच्या खाली गेल्या की धोका, शंभराच्या खाली गेल्या की मोठा धोका. वॉर्डात सगळे याला नुसतं ‘काउंट’ म्हणतात. सकाळी रक्त नेलं की प्रत्येक खाटेशी एकच प्रश्न, काउंट किती आला? दादाचा चाळीस आला, आणि दोन आठवडे तो वर चढला नाही. काउंट जितका खाली आणि जितके जास्त दिवस खाली, तितका संसर्गाचा धोका वाढतो, हे अमेरिकेत जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली दाखवून दिलं होतं. आम्ही ते खाटेजवळ बसून दिवसादिवसाने शिकलो.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जखम लाल होते, सुजते, तिच्यात पू होतो, ही आपल्याला रोगाची लक्षणं वाटतात. खरं तर ती शरीर लढत असल्याची लक्षणं आहेत. पू म्हणजे बऱ्याच अंशी मेलेल्या न्यूट्रोफिलच. त्याच नसल्या की जंतू रक्तात शिरले तरी पू नाही, सूज नाही, छातीच्या फोटोतही फारसं काही दिसत नाही. बहुधा एकटा ताप तेवढा सांगतो. म्हणून तिथे १००.४ हा आकडा सगळ्यांना पाठ असतो.

मग जंतू येतात कुठून? मला वाटायचं, बाहेरून. दार लावून घेतलं की झालं. पण यातले पुष्कळसे जंतू रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातले, तोंडातले, कातडीवरचे असतात. औषधांनी तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर सोलवटतं आणि एरवी निमूट राहणारे जंतू त्या भेगांतून रक्तात उतरतात. शेताचं कुंपण मोडावं आणि राखणदारही त्याच रात्री नाहीसा व्हावा, तसं. म्हणून मऊ ब्रश, दिवसातून अनेकदा गुळण्या, रोजची अंघोळ, बद्धकोष्ठ होऊ न देणं, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर नर्सबाई एवढ्या काटेकोर असतात. दादा गुळणीला कंटाळायचा. तोंडात फोड होते, त्याला बोलवतही नव्हतं. तरी मी ग्लास पुढे करायचो.

बाहेरून येणाऱ्यांपैकी काही हवेतून येतात. मावळातल्या माणसाला बुरशी काय ते सांगायला नको. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पावसाळ्यात चपलांवर, भिंतींवर, गोठ्यातल्या पेंढ्यावर ती दिसतेच. अ‍ॅस्परजिलस ही तिच्यातलीच एक जात, आणि तिचे दोन-तीन मायक्रॉनचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासातून आत घेतो. आपल्याला काही होत नाही. काउंट नसलेल्या माणसाच्या फुप्फुसात मात्र ती रुजते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या खोल्यांत हेपा गाळणीतून हवा सोडतात, आणि खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतून बाहेर जाते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ च्या मार्चमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. आता टाटाचा तो विभाग खारघरला आहे, म्हणजे आमच्याकडून घाट उतरला की पुढेच.

पण गाळणी हवेला अडवते. हाताला कोण अडवणार?

व्हिएन्नात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांना हाच प्रश्न पडला. बाळंतिणींच्या दोन वॉर्डांपैकी सुइणींच्या वॉर्डात बायका कमी मरायच्या, डॉक्टरांच्या वॉर्डात पुष्कळ. डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येत. सेमेलवाइस यांनी त्यांना क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. शंभरात दहा-अकरा मरत होत्या, त्या पुढल्या वर्षी एकाच्या आसपास आल्या. तरीही पुष्कळ डॉक्टरांनी ते मानलं नाही. सभ्य, शिकलेल्या माणसाचा हात अस्वच्छ कसा असेल, हा अपमान त्यांना सोसवला नाही.

मला वाटतं, सगळी अडचण इथेच आहे. स्वच्छता हा आपण माणसाचा गुण समजतो. अमका स्वच्छ, तमका अस्वच्छ. आपल्याकडच्या सोवळ्याने तर तो जन्माशी बांधला आणि त्यापायी माणसांवर केवढा अन्याय केला. जंतूंना यातलं काही ठाऊक नाही. हात धुतल्यावर तो स्वच्छ असतो, आणि खाटेच्या कठड्याला लागला की तो स्वच्छपणा संपतो. मग तो हात डॉक्टरांचा असो, झाडूवाल्या मावशींचा असो की आईचा. एकदा मी नीट हात धुतले, मोबाइल वाजला म्हणून उचलला, ठेवला, आणि त्याच हाताने दादाच्या दंडातल्या लाइनचं टोपण सरळ करायला गेलो. ती लाइन थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते. नर्सबाईंनी माझं मनगट हवेतच धरलं. “मोबाइलनंतर पुन्हा.” एवढंच म्हणाल्या.

जागतिक आरोग्य संघटना हात धुण्याचे पाच क्षण सांगते. रुग्णाला शिवण्याआधी आणि नंतर, हे कुणालाही सुचेल. पाचवा क्षण आहे रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यानंतरचा, आणि तोच विसरला जातो. चोळायचं द्रावण असेल तर वीस ते तीस सेकंद, साबण-पाणी असेल तर चाळीस ते साठ. अंगठा, बोटांच्या बेचक्या आणि नखांची टोकं राहून जातात. रुग्णाला जुलाब होत असतील तर साबण-पाणीच हवं, कारण जुलाब घडवणाऱ्या एका जंतूचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. आपल्याकडे हे जास्तच जपायला हवं. क्लेब्सिएलासारखे आतड्यातले जंतू इथल्या रुग्णालयांत कार्बापेनेमसारख्या भारी अँटिबायोटिकलाही जुमानेनासे झालेत. औषध चालेलच याची खात्री नसेल, तेव्हा जंतू हातावरून न जाऊ देणं हाच मोठा इलाज.

आता आमच्या माणसांबद्दल. मावळात इर्जिक असते. एकाच्या शेताला सगळे जातात, अंगमेहनतीने काम उरकतात, त्याच्या घरी जेवतात. माया दाखवायची आमची रीत हीच. दादा दवाखान्यात म्हटल्यावर जीप भरून माणसं आली. कुणी कार्ल्याच्या एकवीरेचा अंगारा आणला, कुणी शहाळी. पॉलिहाऊसमध्ये कामाला असलेल्या भाच्याने गुलाब आणले. आमच्याकडचा गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातो, त्याचा त्याला अभिमान आहे. वॉर्डात फुलांना मज्जाव, कारण फुलदाणीच्या पाण्यात स्युडोमोनास वाढतो. अंगारा कपाळी लावायलाही नाही. भाचा गुलाब हातात धरून जिन्यात उभा राहिला, ते मला अजून आठवतं. मी खाली जाऊन एकेकाला सांगितलं, दादाला भेटू नका, रक्त आणि प्लेटलेट द्यायला रक्तपेढीत नाव लिहा. सर्दी-खोकला असलेल्यांनी तर गावीच राहा. दोघे-तिघे रागावले. बाकीचे रक्तपेढीकडे वळले.

खाण्याचाही गोंधळ होता. अशा रुग्णाला कच्चं काहीच द्यायचं नाही, अशी कडक पथ्यं पूर्वी असत. अलीकडच्या चाचण्यांत त्याने संसर्ग कमी झाल्याचं दिसलं नाही. प्रश्न अन्न कसं हाताळलं याचा आहे, आणि पथ्य आपल्या डॉक्टरांनी सांगितलेलंच पाळावं. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला इंद्रायणी आमच्या घरचाच. वहिनी त्याचा मऊ भात करून आणायची. गरम असेल तेव्हाच द्यायचा, उरला तर टाकायचा. शिजवून बाहेर राहिलेल्या भातात जंतू वाढतात. शेतकऱ्याच्या बायकोला भात टाकताना काय वाटलं असेल, ते मी विचारलं नाही.

सगळ्यात अवघड होतं ते पांढऱ्या कोटातल्या माणसाला “हात धुतलेत का?” असं विचारणं. आमच्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारत नाहीत. पहिले आठ दिवस मी गप्प होतो. नवव्या दिवशी मोठे डॉक्टर घाईत आत आले, हात थेट दादाच्या पोटाकडे गेला, आणि फोडांनी भरलेल्या तोंडाने दादाच पुटपुटला, “साहेब, हात.” ते थांबले. बेसिनशी गेले, सावकाश हात धुतले, परत येऊन म्हणाले, “असंच विचारत जा. मलाही.”

काउंट वर आला, दादा घरी आला. पण पुढचे डोस होते, आणि प्रत्येक डोसनंतर तो खाली जाणारच होता. ताप आला तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. न मोजता पॅरासिटामॉल द्यायचं नाही, नाहीतर ताप झाकला जातो. आमच्या वाडीतून पुणं पावसात दीड-दोन तास. तेव्हा आधी रुग्णालयाला कळवायचं आणि क्षणभरही न थांबता निघायचं. वहिनीने फाइल, थर्मामीटर आणि कपड्यांची पिशवी दाराशी टांगून ठेवली. शेजारचा पोरगा रोज रात्री त्याची जीप आमच्या अंगणात आणून, रस्त्याकडे तोंड करून लावायचा. ओटीच्या पायरीवर चावी ठेवायचा, आत दिसणाऱ्या दादाला लांबूनच हात करायचा आणि उंबऱ्याच्या अलीकडूनच परत जायचा.