आद्याक्षरात राहिलेले नाव

स्नानसंस्काराच्या नोंदवहीत ‘जोसेफ’ आणि त्याला लागून एखादे मराठी नाव. शाळेत, कचेरीत मात्र जोसेफचा नुसता ‘जे.’ उरतो आणि हाक पडते ती दुसऱ्या नावाने. (मधले नाव म्हणजे वडिलांचे, ही आपली रीत, येथे स्वतःच्याच दोन नावांचा विचार आहे.) संताच्या नावाला असे एका अक्षरात कोंडणे ही श्रद्धेशी प्रतारणा तर नव्हे, असा प्रश्न आम्हांला अनेकदा पडला आहे.

१९१७ च्या कॅनन कायद्यात या बाबतीत स्पष्ट आदेश होता. आईवडील ख्रिस्ती नावास राजी नसतील, तर धर्मगुरूंनी त्यांनी ठेवलेल्या नावाला एखाद्या संताचे नाव जोडावे आणि नोंदवहीत दोन्ही नावे लिहावीत. १९८३ च्या कायद्यात नाव ख्रिस्ती भावनेला परके नसावे, एवढीच अपेक्षा उरली. म्हणजे नोंदवहीतले नाव आणि हाकेचे नाव वेगळे असू शकते, हे पवित्र सभेने जुन्या काळीही गृहीत धरले होते.

फ्रान्समधील मार्टिन कुटुंबाचे उदाहरण आम्हांला फार बोलके वाटते. लुई आणि झेली या दांपत्याला नऊ अपत्ये झाली आणि त्या सर्वांच्या नावाचा आरंभ ‘मारी’ने, म्हणजे पवित्र मरियेच्या नावाने झाला. मुलगेही त्याला अपवाद नव्हते! जगलेल्या पाच मुलींपैकी थोरलीलाच ‘मारी’ म्हणत. इतर पोलिन, लिओनी, सेलिन. धाकटीचा स्नानसंस्कार ४ जानेवारी १८७३ रोजी मारी-फ्रान्स्वाज-तेरेजा या नावाने झाला आणि जगाने तिला ओळखले ते शेवटच्या नावाने, बाळ येशूची संत तेरेजा म्हणून. तिने मरियेला नाकारले, असे कोण म्हणेल? त्या घरात पहिले नाव हाकेसाठी नव्हतेच. ते एक समर्पण होते.

तेव्हा दोष आद्याक्षराचा नाही. ते अक्षर कशापोटी लिहिले, हे पाहिले पाहिजे. परक्या शहरात भाड्याची खोली शोधणारा आपला तरुण पूर्ण नाव सांगताना चाचरतो आणि ‘जे.’वर भागवतो, तेव्हा त्याला भित्रा ठरवण्याची आम्हांला घाई नाही. नाव ऐकून दार लावून घेणाऱ्यालाच आधी जाब विचारला पाहिजे. मात्र खोली मिळाल्यावर, नोकरी पक्की झाल्यावर, स्वतःच्या मुलाने ‘बाबा, हा जे. कशाचा?’ असे विचारल्यावरही तो ‘असंच आहे’ म्हणून विषय बदलत असेल, तर आम्हांला वाईट वाटते. त्या मुलाला नाझरेथच्या सुताराची गोष्ट सांगण्याची संधी त्याच्या दारी चालून आली होती.

आमच्यापैकी कित्येकांना लहानपणी पूर्ण नावाने हाक मारणारी एकच व्यक्ती घरात असे, ती म्हणजे आजी. आणि तीही बहुधा रागावली म्हणजेच.